कपाचा कान

साचेमामांच्या घरात दोन चाळण्या होत्या, आणि दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. एक पिठाची, दुसरी प्लास्टरची. पिठाच्या चाळणीला मामीने लाल दोरा बांधून ठेवला होता. लग्नानंतर लगेचच मामांनी चुकून पिठाच्या चाळणीतून प्लास्टर चाळलं होतं, आणि त्या दिवशीच्या जेवणाबद्दल मामी अजूनही ऐकवते, "नशीब वेळेवर दिसलं, नाहीतर पोटात साचे बसले असते आमच्या."

त्या सकाळीही दोघांचं चाळणं चालू होतं. ती ओट्यापाशी, ते मागच्या खोलीत. गॅसवर दूध ठेवलेलं होतं आणि ते उतू जाऊ नये म्हणून मामीचा एक डोळा तिकडे होता. दुसरा नेहमीप्रमाणे नवऱ्याकडे.

मामा कारखान्यातून निवृत्त झाले तरी साचे सुटले नव्हते. कुणाला दिव्यांचे हवेत, कुणाला साबणदाणीचे. आधी बादलीत पाणी घ्यायचं. पाण्यात प्लास्टर, प्लास्टरात पाणी नव्हे. मूठमूठ प्लास्टर पाण्यावर अलगद भुरभुरत सोडायचं. ते आपसूक बुडतं. बुडता बुडता एक वेळ अशी येते की आणखी बुडत नाही, पाण्यावर छोटी छोटी बेटं दिसायला लागतात. तिथे हात आवरायचा. ढवळाढवळ करायची नाही, त्याला पोटभर पाणी पिऊ द्यायचं. मग कोपरापर्यंत हात आत घालून, बोटं तळाशी फिरवत, बुडबुडा होऊ न देता कालवायचं. आणि सायीसारखं दाट झालं की एका कोपऱ्यातून, एका धारेने, न थांबता ओतायचं. मध्ये थांबलात की संपलं. प्लास्टर कुणासाठी खोळंबत नाही. आवळायला लागल्यावर वरून पाणी घातलं तर मरतं, नुसता भुसा होतो.

म्हणून घरात पूर्वी नियम होता: बादलीत प्लास्टर पडलं की दार उघडायचं नाही, मग दारात कुणी का असेना. तो नियम कधीच मोडीत निघाला होता. हल्ली सगळं उलटं. दार वाजलं रे वाजलं की मामा आतून ओरडत, "उघड, उघड आधी!" आणि निथळत्या हाताने स्वतःच बाहेर येत. दारात असायचा विजेचं मीटर बघणारा. तो आकडे उतरवून जाईपर्यंत आत बादलीत दगड झालेला. मग मामा बादली उपडी करून ठोकत बसत. परसात अशा बादलीच्या आकाराच्या दगडांची रांग लागली होती. शेजारणीने त्यावर कुंड्या मांडल्या होत्या. "तुमच्याकडे कुणी आलं की माझ्या एका रोपाची सोय होते," म्हणायची.

असं का, ते मामीला ठाऊक होतं. पण त्यावर दोघांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

तर त्या सकाळी मामांचा हात कोपरापर्यंत बादलीत आणि दूध अगदी वर आलेलं, अशा मोक्याला दार वाजलं.

"उघड!" मामा ओरडले.

"उघडते हो, दूध तरी उतरवू द्या. कुणी पळून नाही जात."

हे बोलून गेल्यावर मामीने जीभ चावली.

दारात अक्कांची मुलगी उभी होती. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. ती अशी सकाळी, न सांगता, कधी येत नसे.

"आई बरी आहे," तिने चपला काढता काढता आधी तेच सांगितलं. "म्हणजे, तशी बरी आहे."

मामा पांढरा हात वर धरून मधल्या दारात उभे होते. हातावरून थेंब फरशीवर पडत होते. "तशी म्हणजे?"

"उजवा हात थरथरतो, मामा. आधी कधीतरी, आता रोजच. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तिने दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या अंगणात फेकून दिला. म्हणाली, मी काय मांजर आहे?"

मामी हसली. मामा हसले नाहीत.

भाचीने पिशवीतून एक डबी काढली. डबीत कापसावर काहीतरी पिवळट, वळवलेलं होतं. कणकेचा केलेला कपाचा कान. वाळून खडखडीत झालेला.

"हे बघा. मी कणीक मळून ठेवली की त्यातला गोळा जातो, आणि ओट्यावर हे कान वाळत पडतात. खिडकीत कान, टीव्हीवर कान. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे तर फ्रिजलाही आहेत." ती हसता हसता थांबली. "डॉक्टर म्हणाले, थरथर वाढतच जाणार. हात चालतात तोवर चालू द्या. म्हणून म्हटलं, तिचा तो जुना कानाचा साचा तुमच्याकडे असेल ना? थोडी माती आणि तो साचा दिलात तर तिचं मन रमेल. ती स्वतः काही म्हणालेली नाही हं. मी इथे आलेय हेही तिला माहीत नाही."

मामांनी डबी घेतली नाही. हात पांढरा होता. नुसतं बघत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "शोधून ठेवतो. तिलाच घेऊन ये पुढच्या रविवारी."

मामीने मान फिरवून नवऱ्याकडे बघितलं. हे आमंत्रण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

मामांची आई लवकर गेली. न्हाऊ घालण्यापासून धपाटे घालण्यापर्यंत सगळं अक्कांनीच केलं. त्या कपबश्यांच्या कारखान्यात कान लावायचं काम करायच्या. तेव्हा कप वेगळ्या साच्यातून निघायचा आणि कान वेगळ्या. दोन्ही ओले असतानाच जोडायचे, पण ओले म्हणजे किती, ते बोटांना कळावं लागायचं. कप जास्त सुकला आणि कान ओला राहिला, की भट्टीत कान सुटलाच समजा. अक्का कानाच्या दोन्ही टोकांना बारीक चिरा पाडायच्या, पातळ माती लावायच्या, कपाला टेकवून हलकंसं दाबायच्या आणि बाहेर आलेली माती ओल्या स्पंजाने पुसून घ्यायच्या. त्यांनी लावलेला कान तुटेल पण सुटणार नाही, असं कारखान्यात म्हणत. खिडकीखालच्या लांब बाकावर कान लावणाऱ्या बायकांची रांग बसायची. "अख्ख्या कारखान्यात सगळ्यात जास्त कान आमच्याकडे," अक्का म्हणायच्या, "पण ऐकायचं मात्र आम्हीच सगळ्यांचं."

भावाला साच्यांच्या खोलीत चिकटवलं तेही अक्कांनीच. "हाताला काम मिळालंय, आता डोकं फार चालवू नकोस," असं बजावलंही होतं.

मामांनी नेमकं डोकं चालवलं. मालकांना काम भराभर व्हायला हवं होतं. मामांनी मनातल्या मनात असा एक साचा जुळवला की ज्यातून कप आणि कान एकत्रच निघावेत. तो कुठे उघडायचा, पातळ माती कुठून ओतायची, जास्तीची कुठून निथळवायची, हे त्यांना झोपेतही दिसायला लागलं. बायकांच्या पोटावर पाय द्यावा असं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना फक्त ते जमतं का, एवढंच बघायचं होतं. मामीला हे तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पण पटून काय उपयोग?

कारखान्यात फार डोळे, म्हणून पहिला साचा त्यांनी घरीच ओतायला घेतला. बातमी तरी फुटलीच. आणि नेमक्या त्याच दिवशी दार वाजलं.

"मी आहे रे," बाहेरून अक्कांचा आवाज आला.

अक्कांच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मुलगी शिकत होती, घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. अक्का 'जरा थांब' म्हणायला आल्या होत्या, हे कळायला ज्योतिषी नको होता.

मामा आतून हळूच म्हणाले, "सांग, प्लास्टर भिजलंय."

मामीने कडी न काढताच सांगितलं, "अक्का, प्लास्टर भिजलंय हो. जरा वेळाने येता का?"

 मग "बरं" आणि दूर जाणाऱ्या चपलांचा आवाज.

मामी आत वळली. मामा बादलीपुढे उकिडवे बसले होते. प्लास्टरच्या पोत्याची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. बादलीत नुसतं पाणी होतं. इतकं नितळ, की तळाची चीर दिसत होती.

मामांनी वर बघितलं नाही. मामीने तेव्हा परत फिरून दार उघडायला हवं होतं. अक्का गल्लीच्या टोकालाही पोचल्या नसतील, एक हाक पुरली असती. पण नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, या विचारात ती क्षणभर घुटमळली आणि मग दूध बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

साचा झकास उतरला. मालकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. थोड्याच दिवसांत खिडकीखालचा बाक रिकामा झाला. अक्कांनी मग लोकांकडे स्वयंपाकाची कामं धरली, आणि मुलीचं शिक्षण रखडत रखडत का होईना, पुरं केलं.

अक्का भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामीला कितीदा वाटलं. शिव्या घालून माणूस मोकळा होतो, आणि ऐकणाराही. पण अक्का पूर्वीसारख्याच येत, गोड बोलत, मामीच्या हातचा चहा घेत. फक्त कप धरताना तो दोन्ही तळव्यांत धरत. चटका बसला तरी धरत. कानाला बोट लावत नसत. शेवटी मामीने त्यांच्यासाठी काचेचे पेले आणले, आणि पुढे पेल्यातून चहा पिणारी नणंदही घरी येईनाशी झाली.

त्या एकसंध कपाला एक खोड होती. कान पोकळ असायचा, आणि जिथे तो कपाला जुळतो तिथे आतल्या बाजूने दोन खळगे राहायचे. चहा पिणाऱ्याला ते कळत नाहीत, भांडी घासणाऱ्याला कळतात. कप घासताना मामीचं बोट रोज त्या खळग्यांत जायचं.

भाची गेली. मागे बादलीत प्लास्टरचा दगड झालेला होता. मामा त्याच्याकडे न बघता खाटेवर टेकले.

"कुठे आहे तो साचा?" मामीने विचारलं. "माळ्यावर?"

मामांनी बोटाने दार दाखवलं.

"दारात?"

"पायरीखाली. बाक रिकामा झाला तेव्हा कारखान्यातून घरी आणला होता. बघवेना. फोडला आणि पायरीखालचा खड्डा बुजवला."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्यावर पाय देऊन आत-बाहेर करतेय?"

"मी पण करतोच की."

 भाची ठेवून गेलेली डबी मामीने उघडली. कणकेच्या कानावर, वळणापाशी, अंगठा थरथरल्याच्या बारीक लाटा होत्या. "यावरून होईल?" तिने विचारलं.

मामांनी कान उजेडात धरला. बराच वेळ फिरवून फिरवून बघितला.

"होईल," ते म्हणाले. "पण हा वाकडा आहे."

"मग असू दे वाकडा."

कणीक पाण्याने विरघळू नये म्हणून त्यांनी कानाला व्हार्निशचे हात दिले. कानस हातात घेतली, लाटांवर टेकवली, आणि परत ठेवून दिली. ओल्या मातीत कान अर्धा रुतवून चारी बाजूंनी फळ्या उभ्या केल्या. पहिलं अर्धं अंग ओतलं. ते बसल्यावर त्याला साबणाचं पाणी पुनःपुन्हा चोपडलं, कारण साबण विसरलं तर दोन्ही अर्धी कायमची एकमेकांना चिकटतात, मग फोडण्यावाचून गत नाही. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी मामी बादलीपाशी येऊन बसली. पाणी घेतलं होतं, प्लास्टर अजून घातलेलं नव्हतं.

मामा पाण्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी..."

"पाणी होतं," मामी म्हणाली. "दिसलं होतं मला."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मामांनी पहिली मूठ पाण्यावर सोडली. ती हळूहळू बुडाली. मग दुसरी. बेटं दिसेपर्यंत ते सोडत राहिले. ओतून झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे साच्यावर तळवा ठेवला. प्लास्टर बसताना तापतं. मामीनेही शेजारी हात ठेवला. ऊब होती, पण ती प्लास्टरची होती. त्या उबेने आपलं काही मिटलेलं नाही, हे तिला कळत होतं.

रविवारी मामांनी पहाटेच दार उघडलं आणि वाऱ्याने लागू नये म्हणून परसातला एक बादलीचा दगड त्याला लावून ठेवला. जुन्या ओळखीने त्यांनी कारखान्यातून एक न भाजलेला, ओला कप आणला होता. अर्थात, कानासकट. त्यांनी पातळ सुरी घेतली आणि स्वतःच्या साच्यातून निघालेल्या त्या कपाचा कान कापून काढला. कपाला दोन भोकं पडली. ती मातीने बुजवून त्यांनी कप ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

रिक्षा मिळेना म्हणून मायलेकींना उशीर झाला. मामा सारखे फडकं उचलून कपाला बोट लावून बघत होते.

"अहो, तान्हं बाळ आहे का ते? राहू द्या ना झाकून."

"सुकतंय गं."

दार सताड उघडं होतं, तरी अक्कांनी बाहेर उभं राहून कडी वाजवली.

"या ना अक्का, उघडंच आहे," मामी धावली.

"दिसतंय. सवय असते एकेकाची." अक्का पायरी चढून आत आल्या. वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता, अनोळखी घरात मुलाला धरून ठेवावं तसा.

मागच्या खोलीत खिडकीखाली मामांनी बाक लावला होता. बाकावर साचा, मातीचा गोळा, वाटीत पातळ माती, स्पंज. अक्कांनी सगळ्यावरून नजर फिरवली. साचा उघडून आतल्या खोबणीवर बोट फिरवलं. थरथरत्या लाटा त्यांच्या बोटाला लागल्या असणार.

"हा माझा जुना साचा नाही."

"नाही," मामा म्हणाले. "तो मी फोडला."

"हं." अक्का बसल्या. "मग खोटं कशाला सांगितलंस पोरीला, आहे म्हणून? वय झालं तरी सवय जात नाही."

भाचीने मामीकडे बघितलं. मामी मातीच्या वाटीकडे बघत होती.

अक्कांनी साच्यात माती दाबली, कान काढला. मग कप फडक्यातून बाहेर घेतला, डाव्या हाताच्या तळव्यावर तोलला आणि गालाला लावला. "सुकलाय."

"दुसरा आणतो. अर्ध्या तासात आणतो."

"नको. हात आत्ता बरा आहे. तू येईपर्यंत असेल की नाही कोण जाणे."

त्यांनी चिरा पाडल्या. माती लावली. कान कपाजवळ नेताना हात इतका हलला की पहिल्यांदा तो भलतीकडेच टेकला. मामांचा हात नकळत पुढे गेला. अक्कांनी स्पंजानेच त्यावर चापट मारली. "मध्ये मध्ये करू नकोस." दुसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून धरला आणि कान टेकवला. दाबला. कडेने आलेली माती पुसली. कान उजवीकडे झुकलेला होता, पण लागला होता.

"झकास," मामा म्हणाले.

"वाकडा आहे. मला काय दिसत नाही?"

मामा बाकाशेजारी जमिनीवर बसले. उतारवयाचा माणूस, पण बसणं अगदी धाकट्या भावाचं. "अक्का, त्या दिवशी तू आलीस ना... बादलीत प्लास्टर नव्हतं. नुसतं पाणी होतं."

अक्का कानाखालची एक बारीक चीर पुसत राहिल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बरं म्हणून निघाले, आणि मागून ह्याच खिडकीखाली येऊन उभी राहिले होते. प्लास्टर कालवताना बादलीत हात फिरल्याचा आवाज येतो. बराच वेळ थांबले. आला नाही."

मामीला वाटलं, आपणही आता बोलावं. मी हाक मारायला हवी होती अक्का, असं तिने मनात नीट जुळवलंही. पण अक्कांनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, राहू दे अशी, आणि मामीने मातीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"दोन महिने थांबला असतास तरी चाललं असतं मला," अक्का म्हणाल्या. "मी काही कायमचं थांब म्हणणार नव्हते."

 मामांनी डोळ्यांना हात लावला आणि भुवई पांढरी झाली.

अक्कांनी कप फिरवून पुन्हा बघितला. कपाच्या सुकेपणापुढे कान जास्त ओला होता. भट्टीत काय होणार ते मामांना कळत होतं, अक्कांना तर कळतच होतं, आणि इतकी वर्षं या घरात काढून मामीलाही. त्या चिरेवर अक्कांनी अंगठ्याने आणखी थोडी माती दाबली. अंगठा थरथरत होता, त्याच्या लाटा तिथेही उठल्या. मग कप दोन्ही हातांनी उचलून त्यांनी भावासमोर धरला.

"भट्टीत सुटला तर सुटला," त्या म्हणाल्या. "नाही सुटला, तर पुढच्या वेळी मला चहा ह्या कपात दे."